रियाज माइकवर करावा की माइकविना?

कोथरूडमध्ये गाण्याच्या वर्गांना तोटा नाही. डहाणूकर कॉलनीत किंवा पौड रस्त्याच्या आतल्या एखाद्या गल्लीत संध्याकाळी सहाच्या सुमारास चक्कर मारली, तर कुठल्या तरी पहिल्या मजल्यावरून भूपाचे आरोह-अवरोह कानावर येतातच. अलीकडे या आवाजात दोन फरक पडले आहेत. तंबोऱ्याच्या जागी मोबाइलमधला तंबोरा आला, हा पहिला. आणि दुसरा म्हणजे मुलांच्या हातात माइक आला. हा माइक बहुधा ब्लूटूथचा असतो, त्याच्या पोटातच छोटा स्पीकर असतो, आणि खेळण्यांच्या दुकानातही तो मिळतो.

पालकांचे म्हणणे असे, की स्पर्धेत माइकवरच गायचे आहे, तर सवयही माइकचीच हवी. गाणे शिकवणाऱ्या बाई म्हणतात, आधी मोकळा आवाज लावायला शिका, माइकचे नंतर बघू. दोन्ही बाजूंनी हा वाद सवयीचा आणि परंपरेचा म्हणून चालतो. परंतु त्यात पदार्थविज्ञान पुष्कळ आहे, आणि थोडे शरीरविज्ञानही. शिक्षकांनी त्यात लक्ष घालावे याला आणखी एक कारण आहे. गायकाप्रमाणेच शिक्षकाचे पोटही आवाजावर चालते, आणि त्याला तो आवाज दिवसाला पाच-सहा तास, पन्नास-साठ मुलांपुढे, बहुतेक वेळा माइकविना वापरावा लागतो.

मिलिवॅटचा कारभार

माणसाच्या आवाजात शक्ती किती असते, याचा हिशेब नववी-दहावीच्या मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. सामान्य बोलण्याची पातळी तोंडापासून एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल असते. म्हणजे तिथे एका चौरस मीटरमधून सेकंदाला एक वॅटचा दहा लाखावा भाग एवढी ऊर्जा जाते. हा आवाज सगळीकडे सारखा पसरतो असे धरून एक मीटर त्रिज्येच्या गोलाच्या पृष्ठफळाने गुणले, तर एकूण शक्ती येते सुमारे साडेबारा मायक्रोवॅट. नऊ वॅटचा एक एलईडी दिवा पेटवायचा, तर सुमारे सात लाख माणसांनी एकाच वेळी बोलत राहिले पाहिजे! मोकळ्या, मोठ्या आवाजातले गाणे एक मीटरवर ८० डेसिबलच्या आसपास जाते. त्यातली शक्ती शंभरपट, तरीही ती जेमतेम सव्वा मिलिवॅट भरते.

एवढ्या भांडवलावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे असते. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले, की ध्वनीची तीव्रता चौथाई होते, म्हणजे सहा डेसिबल उतरतात. एक मीटरवर ८०, दोनवर ७४, चारवर ६८, आठवर ६२ आणि सोळावर ५६. याच हिशेबाने साधे बोलणे सोळा मीटरवर ३६ डेसिबल उरते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. कर्वे रस्त्याला लागून असलेल्या घरात ती पाळली जाते असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा सोळा मीटरवरचे बोलणे रहदारीत बुडते, आणि गाणे कसेबसे डोके वर काढते.

मग जोर लावावा, हा सहज सुचणारा उपाय. पण तो फार महाग पडतो. फुप्फुसातल्या हवेचा दाब दुप्पट केला, तर आवाज साधारण आठ-नऊ डेसिबलने वाढतो. एवढ्याने अंतराची एक-दीड दुपटी भरून निघते, बस्स. पुढच्या दुपटीसाठी दाब पुन्हा जवळजवळ दुप्पट करायला हवा. ओरडण्याने गाणे दूर जात नाही असे जुने गवई सांगत, त्याचे गणित हे असे आहे.

माइक नव्हता तेव्हा

हा प्रश्न मराठी रंगभूमीने माइक येण्याच्या कितीतरी आधी सोडवलेला होता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग केला, तेव्हापासून पुढची किमान पन्नास वर्षे नाटकातली पदे उघड्या गळ्याने गायली गेली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले, तेव्हा थिएटर भरलेले होते आणि साथीला पायपेटी, सारंगी, तबला होता, माइक नव्हता. बालगंधर्वांचा आवाज धिप्पाड नव्हता. तो पोचत होता, हे मात्र त्या काळच्या प्रेक्षकांनी एकमुखाने लिहून ठेवले आहे. तो कसा पोचत असेल?

काही श्रेय नाटकगृहाला. लाकडी तक्तपोशी आणि जवळच्या भिंती यांवरून परावर्तित झालेला आवाज मूळ आवाजाच्या पाठोपाठ, सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत कानाशी आला, तर कान त्याला वेगळा धरत नाही. मूळ आवाजातच मिळवतो. त्यामुळे बंदिस्त सभागृहात आवाज मैदानातल्याइतका झपाट्याने उतरत नाही. काही श्रेय नटांच्या शिस्तीला. पद म्हणताना तोंड प्रेक्षकांकडेच ठेवायचे, मग नायिका कितीही रुसलेली असो. खालच्या वारंवारितेचे तरंग तोंडातून सर्व बाजूंना पसरतात, पण वरच्या वारंवारितेचे तरंग विजेरीच्या झोतासारखे समोर जातात. वर्गात एका मुलाला भिंतीकडे तोंड करून एक परिच्छेद वाचायला सांगा. आवाज ऐकू येईल, पण स, श, च ही व्यंजने पुसट होतील.

मोठे श्रेय मात्र गळ्याच्या घडणीला द्यायला हवे, आणि ती घडण रियाजाची.

गळ्यातले स्वरतंतू एका सेकंदात जितक्या वेळा उघडझाप करतात, तितकी आपल्या स्वराची वारंवारिता. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा सुमारे २०८ हर्ट्झचा. पण गळ्यातून केवळ हा एकच स्वर निघत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारितेचे उपस्वरही निघतात. तंबोऱ्याची षड्जाची तार छेडली असता गंधार ऐकू येतो, तो असाच पाचव्या पटीचा उपस्वर. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा नीट बसला, की असे उपस्वर खुलतात. १९२१ च्या सुमारास सी. व्ही. रामन यांनी याचा अभ्यास केला. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद असतो ते उपस्वर निर्माणच होऊ नयेत असा नियम आहे. तंबोरा आणि वीणा तो मोडतात, असे त्यांना आढळले. कारण या वाद्यांच्या रुंद, किंचित वक्र घोडीला तार कंप पावताना पुन:पुन्हा स्पर्श करते. गवई एखाद्याच्या आवाजाला 'जवारी आहे' म्हणतात, तेव्हा त्यांना नकळत हीच गोष्ट सांगायची असते: उपस्वर भरपूर आहेत.

आता गळ्याची पोकळी पाहू. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंत प्रौढ पुरुषाची ही नळी सुमारे १७ सेंटिमीटर लांब असते. तिचे एक टोक बंद आणि दुसरे उघडे. अशा नळीत तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीच्या ध्वनीचे संस्पंदन होते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर उत्तर येते ५०० हर्ट्झ, आणि पुढची संस्पंदने १५००, २५०० हर्ट्झवर. जीभ, ओठ, जबडा हलवून आपण ही संस्पंदने मागेपुढे सरकवतो, आणि त्यातूनच आ, ई, ऊ हे स्वर वेगळे होतात.

या मोठ्या नळीच्या तळाशी, स्वरतंतूंच्या लगेच वर, सुमारे तीन सेंटिमीटरची एक छोटी, अरुंद नळी असते. तिच्यासाठी हाच हिशेब केला तर २८०० हर्ट्झ मिळतात. वरचा घसा पुरेसा मोकळा असेल, तर ही छोटी नळी स्वतंत्रपणे संस्पंदित होते आणि ३००० हर्ट्झच्या आसपासचे उपस्वर एकदम उचलले जातात. काळी एकच्या षड्जाचा विसावा-एकविसावा उपस्वर तिथे पडतो. स्टॉकहोमचे योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात ऑपेरा-गायकांच्या आवाजातला हा उठाव नीट उलगडून दाखवला. वाद्यवृंदाचा जोर ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो आणि पुढे तो उतरत जातो. तीन हजाराच्या जागी वाद्ये दुबळी असतात. गायक नेमक्या त्या मोकळ्या जागेतून वाट काढतो.

यात कानही सामील आहे. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. तिची संस्पंदन-वारंवारिता किती, हे विद्यार्थ्यांनीच काढावे. उत्तर ३४०० हर्ट्झ येईल. म्हणजे ज्या पट्ट्यात घडवलेला गळा अधिक देतो, त्याच पट्ट्यात कान अधिक घेतो. एकूण शक्ती तेवढीच राहूनही आवाज पुढे आल्यासारखा वाटतो.

आपले गायक ऑपेरावाल्यांसारखे स्वरयंत्र खाली ओढून गात नाहीत, त्यामुळे हा उठाव आपल्याकडे तितकाच ठळक दिसेल असे नाही. पण मोकळा आकार लावणे, घसा न आवळणे, आवाज 'टोकदार' करणे या जुन्या सूचना त्याच दिशेच्या आहेत. आमच्या मते माइकविना रियाजाचा खरा फायदा हा आहे. शिकणाऱ्याला जोराची उसनवारी मिळत नाही, म्हणून शरीर स्वस्त मार्ग शोधते. आणि स्वस्त मार्ग उपस्वरांचा आहे.

स्वतःला ऐकणे

रियाजाचा अर्धा भाग गाण्याचा, अर्धा ऐकण्याचा. स्वर लावला, तो कानाने तपासला, किंचित सरकवला, पुन्हा तपासला, असे चक्र अखंड चालू असते. माइक या चक्राच्या मधोमध येऊन बसतो.

आपण स्वतःचा आवाज दोन वाटांनी ऐकतो. एक हवेतून, दुसरी कवटीच्या हाडांतून. हाडांची वाट खालच्या वारंवारितेला अधिक अनुकूल आहे, म्हणून स्वतःचा आवाज आपल्याला भरदार वाटतो आणि ध्वनिमुद्रणात तोच पातळ, परका वाटतो. एक साधा प्रयोग करा. तोंड मिटून 'म्' असे गुणगुणा आणि एका कानात अलगद बोट घाला. आवाज त्या कानात उडी मारून गेल्यासारखा वाटेल. हाडांवाटे आलेला ध्वनी एरवी कानाच्या उघड्या तोंडातून निसटतो, तो आता आत कोंडला जातो. पोवाडा म्हणणारा शाहीर कानावर हात ठेवतो, ती केवळ ऐट नव्हे. डफ आणि तुणतुण्याच्या गदारोळात त्याला स्वतःचा स्वर शोधायचा असतो.

१९११ मध्ये एतिएन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने एक निरीक्षण प्रसिद्ध केले. बोलणाऱ्याच्या कानात गोंगाट सोडला की तो आपोआप आवाज चढवतो, आणि आपण चढवला हे त्याला कळतही नाही. वर्गात हे करून दाखवता येते. एका विद्यार्थ्याच्या कानाला हेडफोन लावून त्यात बेताच्या पातळीचा एकसुरी गोंगाट वाजवा आणि त्याला धडा वाचायला सांगा. गोंगाट चालू-बंद करताना बाकीच्यांनी फक्त त्याचा आवाज ऐकावा. हसू आवरणार नाही.

याचे उलटेही खरे आहे, आणि आपल्या प्रश्नाशी त्याचाच अधिक संबंध. स्वतःचा आवाज मोठा करून कानात घातला, की माणूस नकळत तो खाली आणतो. माइक-स्पीकर लावून रोज गाणाऱ्या मुलाचे हेच होते. श्वास उथळ पुरतो, घसा मोकळा करण्याची गरज भासत नाही, स्वर ओठांपाशी घोटाळतो. घरात ते गोड लागते. मग शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐन वेळी लाइट जाते आणि तिसऱ्या रांगेपलीकडे काहीच पोचत नाही. मुलाचा आवाज 'लहान' आहे असे सगळे म्हणतात. वास्तविक तो आवाज कधी मागितलाच गेलेला नसतो.

ब्लूटूथच्या खेळण्यांमध्ये आणखी एक अडचण आहे. आवाजाचे अंकांत रूपांतर करून, तो पाठवून पुन्हा ध्वनी करण्यात वेळ जातो. बिनतारी हेडफोनात हा उशीर सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाइतका सहज असतो. १९५० मध्ये बर्नार्ड ली या अमेरिकन अभियंत्याने दाखवले, की माणसाला त्याचेच बोलणे अशा थोड्या उशिराने ऐकवले तर चांगला बोलणारासुद्धा अडखळू लागतो. गाण्यात त्याचा पहिला बळी लय. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा पाव सेकंदाची असते. पाचव्या भागाचा उशीर म्हणजे जवळजवळ आख्खी मात्रा! मुलगा तालात कच्चा आहे अशी तक्रार आली, तर आधी हेडफोनला तार आहे का, एवढे विचारावे.

कर्ण्यापासून माइकपर्यंत

ध्वनिमुद्रण आले ते माइकशिवायच. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांच्या तबकड्या मुद्रित झाल्या, तेव्हा गायिका एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात होती आणि त्या आवाजाच्या बळावरच सुई मेणात खाच पाडत होती. कर्णा साधारण २५० ते २५०० हर्ट्झएवढाच पट्टा धड पकडत असे. त्यामुळे जुन्या तबकड्यांवरून त्या गायकांच्या आवाजाबद्दल मत बनवताना सावध राहावे; आपण ज्या तीन हजाराच्या उठावाबद्दल बोललो, तो तिथे उतरतच नव्हता. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये सुरू झाले आणि कुजबुजही मुद्रित होऊ लागली.

याचा गाण्याच्या घाटावरच परिणाम झाला. मराठीत भावगीत फुलले ते तबकडी, रेडिओ आणि माइक यांच्या काळात, हा योगायोग नाही. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांची शब्दकळा आणि सुधीर फडक्यांचे स्वर ज्या हळुवारपणे घराघरात पोचले, तो हळुवारपणा आनंदोद्भवच्या रंगमंचावरून शेवटच्या बाकापर्यंत नेताच आला नसता. तेव्हा माइकने गाणे बिघडवले, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. माइकने नाट्यपदाच्या शेजारी एक वेगळे गाणे शक्य केले.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सवाई गंधर्व हे नाटक कंपन्यांमधून गाजलेले गायक, म्हणजे माइकपूर्व रंगभूमीवर मुरलेले. त्यांच्याकडे कुंदगोळला १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात भीमसेन जोशी शिकले, आणि ती तालीम उघड्या गळ्याची होती. गुरूंच्या निधनानंतर १९५३ पासून पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव सुरू झाला. तिथे आज हजारो श्रोते ध्वनिक्षेपकावरून गाणे ऐकतात. रियाज माइकविना आणि मैफल माइकवर ही जोडी भीमसेनजींच्या पिढीने सहज पेलली. माइक त्यांच्या हाती आला, तेव्हा गळा आधीच तयार होता.

माइक हे दुसरे वाद्य

गळा तयार झाल्यावर माइकची सवय जरूर करावी; त्यासाठी महिन्यातले थोडे दिवस पुरतात. शिकायचे असते ते मुख्यतः अंतर. माइक ओठांपासून ५ सेंटिमीटरवर असताना डोके ५ सेंटिमीटर मागे गेले, तर अंतर दुप्पट होते आणि सहा डेसिबल उतरतात. श्रोत्याला वाटते गायक खचला. वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटरवर ठेवलेल्या माइकपासून तेवढेच मागे सरले तर दोन डेसिबलहून किंचित कमी उतरतात, आणि अर्ध्या मीटरवर एकाहून कमी. तान घेताना मान हलवणाऱ्या गायकाने माइक ओठांना चिकटवू नये तो यासाठी. शिवाय एका दिशेचाच आवाज घेणारे माइक अगदी जवळ धरले, की खालच्या वारंवारिता फुगवतात. निवेदकाला ते आवडते. गायकाचे शब्द मात्र त्यात गढूळ होतात.

शाळेच्या कार्यक्रमात माइक किंचाळतो तेही इथेच सांगून टाकू. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून निघतो, पुन्हा माइकमध्ये. एका फेरीत जेवढी घट, त्याहून वाढ जास्त झाली की एखादी वारंवारिता आपोआप चढत जाते. स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावा आणि माइकच्या जाळीला मुठीत धरू नये. जाळी झाकली की माइकचा एकदिशापणा जातो. दूरचित्रवाणीवरचे काही गायक तसे धरतात खरे, पण त्यांच्या मदतीला पडद्याआड ध्वनितंत्रज्ञ बसलेला असतो.

रियाजात माइकचा एकच उपयोग आम्हाला निर्विवाद वाटतो: ध्वनिमुद्रण करून नंतर ऐकणे. गाताना नव्हे, नंतर. हाडांची वाट वगळून स्वतःला ऐकण्याचा दुसरा मार्ग नाही. मोबाइल एक-दीड मीटरवर ठेवावा. मात्र अनेक मोबाइल मोठा आवाज आपोआप दाबतात आणि लहान आवाज उचलतात. हे फोनवर बोलायला सोयीचे. पण आवाजाच्या चढउताराचा सगळा आलेख त्यात सपाट होतो. ती सोय बंद करता येणारे साधे ध्वनिमुद्रणाचे ॲप वापरावे.

आणि खोली? नव्या फ्लॅटची रिकामी खोली घ्या, ३ मीटर रुंद, साडेतीन मीटर लांब, ३ मीटर उंच. घनफळ ३१.५ घनमीटर, सर्व पृष्ठभाग ६० चौरस मीटर. गिलावा आणि फरशी ध्वनी जेमतेम तीन टक्के शोषतात. सबाइन यांच्या सूत्राप्रमाणे निनादाचा काळ = ०.१६ × घनफळ ÷ एकूण शोषण. उत्तर येते सुमारे २.८ सेकंद, एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यासारखे. गादी, पडदे, कपाट, पुस्तके आली की ते अर्ध्या सेकंदापर्यंत उतरते. पहिल्या खोलीत कोणीही सुरेल वाटतो, कारण मागचे स्वर पुढच्यांचे दोष झाकतात. न्हाणीघरात तर याहून गंमत. सव्वा मीटरच्या आसपास रुंदीच्या न्हाणीघराची संस्पंदन-वारंवारिता १४० हर्ट्झच्या जवळपास येते, म्हणजे नेमका काळी एकचा षड्ज. तिथे गावे, आनंद घ्यावा. रियाज मात्र पडदे असलेल्या खोलीत करावा. शेजाऱ्यांचाही विचार त्यात आपोआप होतो.

शिक्षकाचा गळा

इथपर्यंत वाचून एखाद्या शिक्षकाला वाटेल, की वर्गातही माइकविना शिकवणेच चांगले. तसे नाही. गायकाचा रियाज तासा-दोन तासांचा, शांत खोलीतला, थकवा आला की थांबणारा. शिक्षकाचे काम याच्या अगदी उलट.

समजा, एका शिक्षिकेच्या आवाजाची सरासरी वारंवारिता २२० हर्ट्झ आहे आणि दिवसभरात स्वरतंतू प्रत्यक्ष कंप पावण्याचा वेळ दीड तास भरतो. म्हणजे ते दिवसात सुमारे बारा लाख वेळा एकमेकांवर आदळतात. आवाज चढवला की प्रत्येक आघात तीव्र होतो. शिकवणे नीट कळण्यासाठी शिक्षकाचा आवाज विद्यार्थ्याच्या जागी गोंगाटाहून सुमारे १५ डेसिबलने वर हवा, असा संकेत आहे. पंखे आणि रस्ता मिळून वर्गात ५० डेसिबल असतील, तर शेवटच्या बाकावर ६५ हवेत. आठ मीटरवर १८ डेसिबल उतरतात. भिंतींचे साहाय्य धरूनही शिक्षिकेला गाण्याच्या पातळीच्या आसपास, दिवसभर, बोलावे लागते. शिवाय लोंबारने सांगितल्याप्रमाणे आपण किती चढलो हे तिला कळत नाही. जानेवारीपर्यंत आवाज बसतो, स्वरतंतूंवर गाठी येतात, आणि घरचे लोक आले-मधाचा उपाय सुचवतात.

अमेरिकेत नेल्सन रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवाजाचा त्रास असलेल्या ४४ शिक्षकांवर केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना कमरेला लावायचा छोटा ध्वनिवर्धक दिला, काहींना आवाजाची निगा राखण्याचे धडे दिले, उरलेल्यांना काहीच नाही. सहा आठवड्यांनंतर ध्वनिवर्धक वापरणाऱ्यांमध्ये स्पष्ट सुधारणा दिसली. नुसत्या धड्यांचा तसा गुण आला नाही. पाणी प्या, ओरडू नका असे सांगणे सोपे आहे. साठ मुलांच्या वर्गात न ओरडता काय करायचे, हे उपकरणच सांगते.

अनेक शाळांत असा माइक वापरणे कमीपणाचे मानले जाते, म्हणून व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. डोक्यावर अडकवायचा माइक ओठांच्या कोपऱ्यापासून तीन-चार सेंटिमीटरवर, श्वासाच्या झोताच्या बाजूला ठेवावा. हातातल्या माइकला अंतर सारखे बदलत राहते आणि खडू धरायला हात उरत नाही. स्पीकर कमरेला लावण्याऐवजी वर्गाच्या मध्यावर, बाजूच्या भिंतीशी, कानाच्या उंचीच्या थोडा वर ठेवला, तर शेवटचा बाक त्याच्यापासून चार-पाच मीटरवर येतो, आणि आठ मीटरच्या हिशेबातले चार ते सहा डेसिबल तिथल्या तिथे वाचतात. पुढच्या बाकावरच्या मुलांच्या कानठळ्याही बसत नाहीत. पहिल्या दिवशी आवाज इतकाच ठेवावा, की माइक चालू आहे हे मुलांच्या लक्षातही येऊ नये.